अभियांत्रिकी प्रवेशाची ‘कॅप’ : जागावाटप विश्वासार्ह, समजावणी अपुरी

बारावी विज्ञानानंतर अभियांत्रिकीला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना स्वतःच्या लॉगिनने, स्वतःच्या पसंतीने आणि ठरलेल्या तारखांच्या आत वापरावी लागणारी पहिली मोठी सार्वजनिक सेवा म्हणजे राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची, अर्थात ‘सीईटी सेल’ची, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया होय. घरोघरी तिला ‘कॅप’ म्हणतात. तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवत असताना निकालानंतरच्या दिवसांत विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून त्यांचे ऑप्शन फॉर्म वाचण्याचे काम मी आपणहून करत आलो आहे, आणि हे परीक्षण त्याच अनुभवावर, २०२५-२६ च्या प्रवेशांना लागू झालेले नियम समोर ठेवून लिहीत आहे. माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. जागा वाटणारी यंत्रणा विश्वासार्ह आहे आणि कोणत्याही विद्यार्थ्याने व्यवस्थापन कोट्याकडे, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांकडे, वळण्यापूर्वी तिचा पूर्ण उपयोग करून घ्यावा. मात्र ती यंत्रणा कशी चालते हे मुलांना आणि पालकांना समजेल अशा मराठीत कोणीही सांगत नाही, आणि चांगले गुण असूनही हवी ती शाखा हातची जाते ती बहुतेक वेळा याच कारणाने.

या सेवेचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि पुण्यातील १८५४ चे अभियांत्रिकी महाविद्यालय, मुंबईची १८८७ ची व्हीजेटीआय, सांगलीचे १९४७ चे वालचंद अशा मोजक्या संस्थांपुरते असलेले शिक्षण जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. जागा वाढल्या तसा प्रवेश कोण देणार आणि शुल्क कोण ठरवणार हा वादही वाढला, आणि त्यावरचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आज आपल्यासमोर आहे ती व्यवस्था २०१५ च्या राज्य अधिनियमावर उभी आहे. प्रवेश नियामक प्राधिकरण आणि शुल्क नियामक प्राधिकरण ही दोन्ही त्याच कायद्याची देणगी आहे. पालकांनी एवढे लक्षात घ्यावे की खासगी महाविद्यालयाचे शुल्कही शुल्क नियामक प्राधिकरणाने मान्य केलेले असते आणि ते संकेतस्थळावर पाहता येते; महाविद्यालयाच्या कार्यालयात तोंडी सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे.

आता मूळ यंत्रणेकडे वळू. एमएचटी-सीईटीचा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हा गट एकूण २०० गुणांचा असतो. पहिल्या दोन विषयांचे मिळून १०० प्रश्न प्रत्येकी १ गुणाचे आणि गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, म्हणजे निम्मे वजन एकट्या गणिताचे. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने निकाल गुणांत न देता पर्सेंटाइलमध्ये दिला जातो आणि त्यावरून राज्याची गुणवत्ता यादी लागते. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, तर परीक्षा दिलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के मुले आपल्या बरोबरीने किंवा आपल्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. गुणवत्ता यादीनंतर विद्यार्थी ऑप्शन फॉर्म भरतो, ज्यात महाविद्यालय आणि शाखा यांच्या जोड्या पसंतीच्या क्रमाने लिहायच्या असतात आणि ही संख्या ३०० पर्यंत नेता येते. त्यानंतर संगणक गुणवत्ता यादीतील पहिल्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करून प्रत्येकाचा फॉर्म वरून खाली वाचत जातो आणि ज्या पसंतीवर त्याच्या प्रवर्गाची जागा शिल्लक असेल तेथे थांबून ती जागा त्याला देतो.

या एका वाक्यात दडलेली गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते, म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळतो. एखादे महाविद्यालय मी चाळिसाव्या क्रमांकावर लिहिले आणि माझ्यापेक्षा कमी पर्सेंटाइलच्या मुलाने तेच पहिल्या क्रमांकावर लिहिले, तर जागा त्याला मिळेल, असा समज पालकांत घट्ट बसलेला आहे. तो पूर्णपणे चुकीचा आहे. माझ्या वरच्या एकोणचाळीस पसंतींपैकी काहीच मिळाले नाही तर चाळिसाव्या पसंतीवर माझा हक्क माझ्या गुणवत्ता क्रमांकानेच ठरतो. तो क्रमांक त्या मुलाच्या वर असेल तर जागा माझीच. पसंतीचा क्रम इतरांशी स्पर्धा करण्यासाठी नसून आपल्याला काय जास्त हवे आहे हे संगणकाला सांगण्यासाठी असतो. त्यामुळे ‘मागच्या वर्षीचा कट-ऑफ आपल्यापेक्षा बराच वर होता, मग ते पहिल्या क्रमांकावर लिहून एक पसंती वाया कशाला घालवायची’ हा प्रश्नच उरत नाही. न मिळणारी पसंती वर लिहिल्याने काहीही नुकसान होत नाही. मिळू शकणारी पण कमी आवडती पसंती वर लिहिल्याने मात्र होते, आणि ते भरून येत नाही.

ते भरून न येण्याचे कारण २०२५-२६ च्या प्रवेशांत झालेला बदल. त्या वर्षी तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि जागा आपोआप ‘फ्रीज’ होण्याचा नियम टप्प्याटप्प्याने कडक करण्यात आला. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती स्वीकारणे बंधनकारक झाले. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी कोणतीही मिळाली तर ती बंधनकारक, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी, आणि चौथ्या फेरीत जे मिळेल ते. अशी जागा नाकारली तर पुढच्या कॅप फेऱ्यांची दारे बंद होतात. फ्रीज न झालेली जागा स्वीकारून ‘बेटरमेंट’साठी पुढच्या फेरीत जाता येते आणि तेथे वरची पसंती मिळाली की आधीची जागा आपोआप सुटते, काहीच मिळाले नाही तर आधीची जागा कायम राहते. म्हणजे बेटरमेंटमध्ये हातची जागा जाण्याची भीती नसते, पण वरची पसंती मिळाल्यावर ‘नको, जुनीच बरी होती’ असे म्हणण्याची सोयही नसते.

या बदलामागचा हेतू मला पटतो. पूर्वी मुले पहिल्या फेरीत चांगली जागा मिळूनही ती अडवून ठेवत पुढे सरकत, खालची साखळी शेवटपर्यंत हलत राहत असे आणि पहिल्या वर्षाचे वर्ग भरायला उशीर होत असे. परंतु नियमाचा परिणाम असा झाला की पहिल्या सहा ओळी लिहिणे हे साऱ्या फॉर्ममधील सर्वांत जबाबदारीचे काम होऊन बसले. उरलेल्या शेकडो ओळींत थोडी उलटापालट झाली तरी ती निभावते. पहिल्या सहांत मात्र प्रत्येक ओळ अशी असली पाहिजे की ती मिळाल्यावर मूल आनंदाने, निदान समाधानाने, तेथे चार वर्षे शिकेल.

माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीला स्थापत्य अभियांत्रिकी मनापासून हवी होती. वडील बांधकामावर सुपरवायझर. लहानपणापासून तिने नकाशे आणि सळईचे बांधकाम जवळून पाहिलेले. नातेवाइकांच्या आग्रहाने तिच्या फॉर्ममध्ये पहिल्या दोन ओळी संगणक शाखेच्या लिहिल्या गेल्या होत्या, ‘मिळणार तर नाहीच, पण वर असू दे’ या विचाराने. मी तिला एवढेच विचारले की दुसऱ्या फेरीत यातली एखादी मिळाली आणि फ्रीज झाली, तर तू काय करशील. तिने बराच वेळ काही उत्तर दिले नाही, आणि मग स्वतःच्या हाताने फॉर्म खालून वर बदलला. शाखा निवडण्याचा अधिकार अठरा वर्षांच्या मुलीचा स्वतःचा आहे, आणि कॅपच्या फॉर्मचे मला सर्वांत भावते ते हे की तो त्या अधिकाराला वाव देतो. तिने लिहिलेला क्रम संगणक जसाच्या तसा मानतो, त्यात कोणाची शिफारस चालत नाही, कोणाचा फोन चालत नाही.

कट-ऑफच्या याद्यांबद्दल मात्र समाधान नाही. त्या जाहीर होतात, नियमित होतात आणि मागील वर्षांच्याही मिळतात, हे चांगलेच आहे. पण त्या वाचायच्या कशा, हे शिकवावे लागते. प्रत्येक आकड्यावर एक सांकेतिक नाव असते: पहिले अक्षर ‘जी’ असेल तर सर्वसाधारण, ‘एल’ असेल तर महिलांसाठी राखीव, मधला भाग प्रवर्गाचा, आणि शेवटचे अक्षर ‘एस’, ‘एच’ किंवा ‘ओ’, म्हणजे अनुक्रमे राज्यस्तरीय, गृह विद्यापीठ क्षेत्रातील आणि त्या क्षेत्राबाहेरील जागा. ज्या महाविद्यालयांना स्वायत्तता नाही तेथे साधारण ७० टक्के जागा गृह विद्यापीठ क्षेत्रातील मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात, आणि गृह विद्यापीठ ठरते ते बारावी कोठून उत्तीर्ण झाली यावरून. लातूरला बारावी केलेल्या मुलाने पुण्यातील अशा महाविद्यालयाचा ‘एच’चा कट-ऑफ पाहून आशा धरली किंवा सोडली, तर दोन्ही निरर्थक आहेत, त्याने पाहायचा तो ‘ओ’चा रकाना. स्वायत्त संस्थांत ‘एस’चा रकाना पाहायचा, कारण तेथे सारे राज्य एकाच रांगेत असते. इतके साधे स्पष्टीकरण यादीच्या माथ्यावर चार ओळींत मराठीत छापता आले असते. संकेतस्थळाचा आणि माहितीपुस्तिकेचा बराचसा भाग इंग्रजीत आहे, आणि ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचते आहे त्या घरातील आईवडिलांना त्यातून काहीही हाती लागत नाही.

शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागांबाबत तर ही अडचण सरळ पैशात मोजावी लागते. प्रत्येक शाखेच्या मंजूर जागांवर ५ टक्के अधिकच्या जागा या योजनेसाठी असतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कोणत्याही प्रवर्गातील मूल त्यांना पात्र ठरते आणि प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क माफ होते, विकास शुल्क व इतर शुल्के तेवढी भरावी लागतात. पण या जागा आपोआप मिळत नाहीत. त्यांचा पर्याय-संकेतांक स्वतंत्र असतो, त्याच्या शेवटी ‘टी’ असते, आणि तो ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळी ओळ म्हणून लिहावा लागतो. पात्र असलेली, उत्पन्नाचा दाखला जोडलेली मुले ही ओळच लिहीत नाहीत, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ज्यांना शुल्काची चिंता आहे त्यांनी प्रत्येक आवडत्या शाखेसाठी आधी ‘टी’ची ओळ आणि तिच्या लगेच खाली साधी ओळ लिहावी. मात्र एक अट ध्यानात असू द्यावी: या योजनेतून प्रवेश घेतल्यावर पुढे शाखा किंवा महाविद्यालय बदलता येत नाही.

मुलींच्या बाबतीत २०२४-२५ पासून चित्र पुष्कळ सुधारले आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत राज्याने दिली. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशाला आहे, व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला नाही. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाचा प्रतिनिधी घरी येऊन ‘कॅपची वाट कशाला पाहता, आजच जागा निश्चित करा’ असे सांगू लागला, तर त्या सहीची खरी किंमत चार वर्षांच्या शुल्कात मोजून मगच उत्तर द्यावे.

कागदपत्रांच्या पडताळणीचा भाग पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. घरून कागद अपलोड करून ई-स्क्रूटिनी करून घेता येते किंवा सुविधा केंद्रावर प्रत्यक्ष जाता येते. ज्यांचे कागद गुंतागुंतीचे नाहीत त्यांनी पहिला मार्ग घ्यावा. नावात फरक, शाळा सोडल्याच्या दाखल्यात चूक, जात वैधता प्रमाणपत्र प्रलंबित अशी अडचण असलेल्यांनी केंद्रावर जाऊन माणसाशी बोलावे. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते आणि चालू वर्षाचे प्रमाणपत्र काढायला वेळ लागतो, म्हणून ते परीक्षेच्या निकालाची वाट न पाहता आधीच काढावे. जात वैधता तर त्याहून आधी, अकरावीतच.

यंत्रणेबाहेरच्या एका दुखण्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ग्रामीण भागात फॉर्म भरण्याचे काम नेट कॅफेवर सोपवले जाते. आमच्या गावाजवळच्या अशाच एका कॅफेत विद्यार्थ्यांच्या अर्जावर चालकाचाच मोबाइल क्रमांक टाकला गेला आणि ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागले. एका मुलाला जागा मिळाल्याचे कळेपर्यंत प्रत्यक्ष हजर राहण्याची मुदत टळून गेली होती. लॉगिन, पासवर्ड आणि नोंदणीकृत मोबाइल विद्यार्थ्याच्या किंवा आईवडिलांच्याच हाती असले पाहिजेत. फॉर्म निश्चित केल्यावर त्याची छापील प्रत घेऊन पहिल्या सहा ओळी मोठ्याने वाचाव्यात, एवढी सवय लावली तरी पुष्कळ अनर्थ टळतात.

शाखेची निवड हा कॅपच्या कक्षेबाहेरचा विषय असला तरी फॉर्म त्याच्याशीच येऊन थांबतो. गेल्या काही वर्षांत संगणक शाखेच्या जोडीला कृत्रिम बुद्धिमत्ता, विदा विज्ञान, सायबर सुरक्षा अशा नावांच्या शाखा फार वाढल्या, आणि यंत्र, विद्युत व स्थापत्य या शाखांकडे मुलांची पाठ फिरली. माझे मत असे की, जुने प्राध्यापक आणि चालती कार्यशाळा असलेल्या महाविद्यालयातील यंत्र अभियांत्रिकी ही शिक्षकांच्या जागा रिकाम्या असलेल्या महाविद्यालयातील नव्या नावाच्या शाखेपेक्षा पहिल्या नोकरीच्या दृष्टीने अधिक भरवशाची ठरते. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी येथील कारखान्यांना लागणारी माणसे याच शाखांतून जातात. कॅपच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाखेची मंजूर जागांची संख्या मिळते, कट-ऑफ मिळतो. पण तेथे किती पूर्णवेळ शिक्षक आहेत आणि मागच्या तुकडीतील किती मुले वेळेत उत्तीर्ण झाली, हे त्याच पानावर मिळत नाही. ते मिळेपर्यंत एखाद्या दिवशी महाविद्यालयात स्वतः जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी प्रयोगशाळेच्या दारात बोलणे, हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. प्लेसमेंटच्या फलकावरील सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा विचारू नये; मधल्या मुलाला काय मिळाले ते विचारावे.

पैसे परत मिळण्याच्या बाबतीत सेवा समाधानकारक आहे. दिलेल्या अंतिम तारखेपूर्वी प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून उरलेले शुल्क परत करण्याचा नियम आहे, आणि मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही. त्या तारखेनंतर मात्र परिस्थिती बदलते, म्हणून ती तारीख वेळापत्रकातून वेगळी उतरवून ठेवावी.

सीईटी सेलकडे माझी एक ठोस मागणी आहे, आणि ती पूर्ण करण्यासाठी नवा कायदाही लागत नाही. प्रत्येक फेरीनंतर विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये केवळ मिळालेली जागा न दाखवता, तिच्या वरच्या प्रत्येक पसंतीपुढे ती का मिळाली नाही हे दाखवावे: त्या प्रवर्गातील शेवटची जागा कोणत्या गुणवत्ता क्रमांकाला गेली आणि विद्यार्थ्याचा क्रमांक त्यापासून किती दूर होता. ही माहिती संगणकाकडे वाटपाच्या क्षणी असतेच. ती मराठीत, एका पानावर, प्रत्येकाला मिळाली तर बेटरमेंट घ्यावे की जागा फ्रीज करावी हा निर्णय मुले शेजाऱ्याच्या सल्ल्यावर न घेता स्वतःच्या आकड्यांवर घेतील, आणि दुसऱ्या फेरीचा फॉर्म भरताना पहिल्या तीन ओळींत काय लिहायचे हे त्यांना कोणाला विचारावे लागणार नाही.